लिट्‌ल रॉक सेंट्रल हायस्कूल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील आर्‌कॅन्सॉ राज्याच्या लिट्‌ल रॉक ह्या राजधानीतील एक सार्वजनिक माध्यमिक विद्यालय. शालेय शिक्षणातील वर्णविभाजन नष्ट करण्यासाठी झालेल्या लढ्यात १९५७ मधील घटनांमुळे त्यास विशेष महत्त्व प्राप्त झाले. भारतात ‘पब्लिक स्कूल’ म्हटले, की मोठे शुल्क आकारणारी निवासी शाळा डोळ्यांसमोर येते. अमेरिकेतील ‘पब्लिक’ शाळा नेमकी तिच्या उलट असते : ती मुख्यतः सार्वजनिक करांतून चालते, तेथे शुल्क नसते आणि तिचा कारभार स्थानिक शिक्षण मंडळाकडे असतो. ‘सार्वजनिक’ ह्या शब्दात कोणाकोणाचा समावेश होतो, हा प्रश्न मात्र ह्या विद्यालयाच्या बाबतीत जवळजवळ तीस वर्षे विचारलाच गेला नाही.

विद्यालयाची भव्य इमारत १९२७ मध्ये सु. १५ लाख डॉलर खर्चून उभारण्यात आली. तिच्या दर्शनी भागावर महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी व पूर्वतयारी ह्यांची प्रतीके असलेल्या चार मूर्ती आहेत. त्या काळी देशातील सर्वांत सुंदर हायस्कूल म्हणून तिचा गौरव झाला. प्रवेश केवळ गौरवर्णीयांना होता. कृष्णवर्णीय मुलांसाठी १९२९ मध्ये डन्‌बार हायस्कूल उघडले, त्याला सु. ४ लाख डॉलर खर्च आला व त्यातीलही काही भाग रोझेन्‌वॉल्ड ह्या धर्मादाय निधीतून मिळाला. गौरवर्णीयांच्या शाळांतून वापरून टाकलेली पाठ्यपुस्तके तेथील विद्यार्थ्यांच्या वाट्याला येत. ‘विभक्त परंतु समान’ ह्या तत्त्वाचा व्यवहारातील अर्थ ह्यावरून लक्षात येतो.

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ ह्या खटल्यात सार्वजनिक शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले. लिट्‌ल रॉकचे शिक्षणाधीक्षक व्हर्जिल ब्लॉसम ह्यांनी त्यावर टप्प्याटप्प्याने अंमलबजावणीची योजना आखली. पहिल्या टप्प्यात केवळ सेंट्रल हायस्कूल होते. शहराच्या सधन पश्चिम भागात १९५७ मध्ये उघडलेले हॉल हायस्कूल मात्र गौरवर्णीयांचेच राहिले, त्यामुळे योजनेचा सारा भार मध्यम व कामगारवर्गीय वस्तीवर पडला. इच्छुक कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची कसून छाननी होऊन अखेर नऊजण उरले : अर्नेस्ट ग्रीन, एलिझाबेथ एक्फर्ड, जेफर्सन टॉमस, टेरेन्स रॉबर्ट्‌स, कार्लोटा वॉल्स, मिनिजीन ब्राउन, ग्लोरिया रे, थेल्मा मदरशेड व मेल्बा पटिलो. क्रीडासंघ, गायनवृंद, मंडळे इ. अभ्यासेतर उपक्रमांत त्यांना भाग घेता येणार नाही, हे त्यांना आधीच बजावण्यात आले होते. अमेरिकन हायस्कुलात विद्यार्थिजीवन म्हणून जे ओळखले जाते, त्यातील बराचसा भाग अशा रीतीने प्रवेशापूर्वीच वजा झाला. पुढे घडलेल्या हिंसेइतकी ही अट गाजली नाही. पण योजनेची मर्यादा तीत अधिक स्पष्ट दिसते.

राज्यपाल ऑर्व्हल फॉबस ह्यांनी सुव्यवस्थेचे कारण पुढे करून राज्याचे नॅशनल गार्ड दल विद्यालयाभोवती उभे केले. ४ सप्टेंबर १९५७ रोजी ह्या दलाने नऊजणांना परत पाठविले. सर्वांनी एकत्र जावे असे आदल्या रात्री ठरले होते. परंतु एलिझाबेथ एक्फर्डच्या घरी दूरध्वनी नसल्यामुळे तो निरोप तिला पोहोचला नाही आणि ती एकटीच जमावाच्या तावडीत सापडली. तिच्यामागून ओरडत चाललेल्या जमावाचे छायाचित्र जगभर प्रसिद्ध झाले. न्यायालयाच्या आदेशाने गार्ड हटल्यावर २३ सप्टेंबर रोजी विद्यार्थी बाजूच्या दाराने आत गेले. तथापि जमाव अनावर झाल्याने दुपारपर्यंत त्यांना बाहेर काढावे लागले. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझनहौअर ह्यांनी १०१ व्या हवाई छत्रीदलाचे एक हजारांहून अधिक सैनिक धाडले व नॅशनल गार्ड केंद्राच्या आधिपत्याखाली घेतले. २५ सप्टेंबर रोजी सैनिकांच्या पहाऱ्यात नऊजण दर्शनी दाराने आत गेले.

प्रसिद्धी बहुतेक ह्या तीन आठवड्यांनाच मिळाली आहे. त्यानंतरचे आठ महिने ह्या मुलांना अधिक जड गेले. सु. दोन हजार विद्यार्थ्यांच्या शाळेत त्यांना बहुधा वेगवेगळ्या वर्गांत बसावे लागे. सैनिक मार्गिकांतून सोबत करीत. पण वर्गात, स्वच्छतागृहात किंवा व्यायामशाळेच्या कपडे बदलण्याच्या खोलीत ते जात नसत. छळ मुख्यतः तेथेच होई. ढकलणे, थुंकणे, जिन्यात लाथ मारणे, कपाटे फोडून वह्यापुस्तके नासणे हे नित्याचे झाले. छळणारे संख्येने थोडे होते. काहींनी मैत्रीचा हातही पुढे केला, पण बहुसंख्य विद्यार्थी गप्प राहिले. नोव्हेंबरअखेर छत्रीदल परतले आणि उपद्रव वाढला. डिसेंबरमध्ये भोजनगृहात वाट अडविली गेल्यावर मिनिजीन ब्राउनच्या हातातील तबक दोन मुलांच्या अंगावर सांडले. तिला प्रथम निलंबित करण्यात आले व नंतरच्या एका प्रसंगावरून फेब्रुवारी १९५८ मध्ये काढून टाकण्यात आले. तेव्हा ‘एक गेली, आठ उरले’ अशा आशयाच्या चिठ्ठ्या शाळेत फिरल्या. ह्याच वर्षी विद्यालयाचा फुटबॉल संघ अजिंक्य राहिला आणि ‘टायगर’ हे विद्यार्थ्यांचे वृत्तपत्रही निघत राहिले. एका छपराखाली दोन शाळा चालू होत्या. २७ मे १९५८ रोजी अर्नेस्ट ग्रीन हा येथून उत्तीर्ण होणारा पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला. त्या समारंभास मार्टिन ल्यूथर किंग उपस्थित होते.

सप्टेंबर १९५८ मध्ये ‘कूपर विरुद्ध एरन’ ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिरंगाईची मागणी फेटाळताच फॉबस ह्यांनी शहरातील चारही हायस्कुले बंद केली. मतदारांनी १९,४७० विरुद्ध ७,५६१ मतांनी ह्या कृतीस पाठिंबा दिला. ‘हरवलेले वर्ष’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या काळात ३,६६५ विद्यार्थ्यांचे शिक्षण खंडित झाले. बहुतेक गौरवर्णीय मुलांची खाजगी शाळांत वा परगावी सोय झाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी सु. निम्म्यांना कोणतीच शाळा मिळाली नाही. करारबद्ध शिक्षक रोज रिकाम्या वर्गांत हजेरी लावीत. फुटबॉलचे सामने मात्र चालू ठेवण्यात आले! मे १९५९ मध्ये मंडळाच्या विभाजनवादी सदस्यांनी ४४ शिक्षक व अधिकाऱ्यांना बडतर्फ केले, तेव्हा नागरिक जागे झाले. शाळा उघडण्यासाठी स्त्रियांनी स्थापिलेल्या समितीने ह्यात पुढाकार घेतला व २५ मे रोजी मतदानाने त्या तीन सदस्यांना परत बोलावण्यात आले. ऑगस्ट १९५९ मध्ये विद्यालय पुन्हा उघडले. नऊजणांपैकी जेफर्सन टॉमस व कार्लोटा वॉल्स परतले आणि १९६० मध्ये येथूनच उत्तीर्ण झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत वॉल्सच्या घरी बाँबस्फोट झाला होता.

पुढील दशकांत अनेक गौरवर्णीय कुटुंबे उपनगरांत व खाजगी शाळांकडे वळली आणि विद्यालयात कृष्णवर्णीय विद्यार्थी बहुसंख्य झाले. प्रगत अभ्यासक्रमांच्या वर्गांत मात्र गौरवर्णीयांचेच प्राबल्य असल्याचे २००७ मध्ये, पन्नासाव्या स्मृतिवर्षी, निदर्शनास आले. वास्तूस १९८२ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वारसास्थळाचा व १९९८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. नऊही जणांना काँग्रेसचे सुवर्णपदक देण्यात आले. येथील विद्यार्थी आपल्या घरातील वा परिचयातील वडीलधाऱ्यांच्या मुलाखती घेऊन भेदभावाच्या आठवणी लिहून काढतात व त्यांचा संग्रह करण्यात येतो. राष्ट्रीय उद्यान विभागाच्या देखरेखीखाली असूनही येथे नियमित वर्ग भरतात. त्यामुळे इमारत आतून पाहण्यासाठी पूर्वसूचना द्यावी लागते.