कुरुंदवाडचे पलुसकर, मिरजेचे खाँसाहेब

‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ म्हटलं की मराठी वाचकाला फडके-खांडेकर आठवतात. वाद मात्र जुना. तेओफील गोतिए या फ्रेंच लेखकाने १८३५ मध्ये एका कादंबरीच्या प्रस्तावनेत उपयुक्ततेचा आग्रह धरणाऱ्यांची टर उडवली. पुढे ऑस्कर वाइल्डने तीच री ओढली. मराठीत ना. सी. फडके सौंदर्याच्या बाजूने उभे राहिले, समोर वि. स. खांडेकर. दोघांचाही मुक्काम कोल्हापुरात.

त्यांच्या आधीच हा वाद याच मुलखात गळ्यातून रंगला होता.

विष्णू दिगंबर पलुसकर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, शाळा सुटली आणि मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेला. १९०१ मध्ये पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कोठीवर आणि दरबारात अडकलेलं गाणं त्यांना घरंदाज वस्तीत आणायचं होतं. मग बंदिशींतले शृंगारिक शब्द गेले, भक्तीचे आले. सासूची, नणंदेची नजर चुकवून निघालेल्या नायिकेच्या जागी राम आला. त्यात थोडा खट्याळपणा हरवला, हे खरंच. पण मध्यमवर्गीय घरांतल्या मुली तंबोरा घेऊन बसू लागल्या, त्यात या सोवळेपणाचा वाटा मोठा.

त्याच १८७२ मध्ये उत्तरेत कैराना इथे अब्दुल करीम खाँ जन्मले आणि पुढे मिरजेचे झाले. त्यांची झिंझोटीतली ठुमरी ऐका. जेमतेम तीन मिनिटांची तबकडी. बारीक, टोकदार आवाज. शब्द अर्धे कळतात, अर्धे निसटतात. एकच अक्षर घेऊन ते स्वरावर थांबतात, किंचित सरकतात, पुन्हा थांबतात. उपदेश नाही, गोष्ट नाही. स्वर लागला एवढंच, आणि तेवढ्यावर ऐकणारा गप्प.

तरी त्यांच्यावर ‘निव्वळ सौंदर्यवादी’ असा शिक्का मारता येत नाही. गाण्याच्या शाळा त्यांनीही चालवल्याच.

पलुसकर १९३१ मध्ये मिरजेतच गेले. खाँसाहेब १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात असताना गेले. मद्रासजवळच्या एका स्टेशनावर उतरले आणि फलाटावरच गाता गाता त्यांनी डोळे मिटले. त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसाला अजूनही गवई तिथे हजेरी लावतात.