मागचे टायर मोठे टाकले, मग ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा का लागतो?

रामनवमीच्या यात्रेला आम्ही दिग्रसकडून पोहरादेवीला निघालो होतो. गाडी आतेभावाची, मागच्या सीटवर आत्या आणि दोन लहान पोरं. रस्ता कोरडा, सरळ. तरी ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबला की मीटरवर घसरणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकायचा आणि पिकअप गायब!

भाऊ म्हणाला, "सेन्सर खराब झालाय, लक्ष नको देऊ." आणि त्याने टीसी ऑफचं बटण दाबून टाकलं.

सेन्सर ठणठणीत होता. भावाने महिनाभरापूर्वी मागे दोन जाड टायर बसवले होते. पुढचे १८५/६५ आर१५, मागचे २०५/६५ आर१५. सगळा घोळ तिथे होता.

गाडीला घसरणं कळतं कसं?

खरं सांगायचं तर गाडीला घसरणं दिसत नाही. तिला फक्त चाकांचे फेरे मोजता येतात. प्रत्येक चाकाजवळ एक स्पीड सेन्सर असतो. एबीएस याच सेन्सरवर चालतं आणि ट्रॅक्शन कंट्रोलही.

आता समजा गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते, मागची नुसती ओढली जातात. पुढचं चाक चिखलात जागच्या जागी फिरायला लागलं, तर त्याचे फेरे मागच्यापेक्षा जास्त होतात. आपल्या कोडिंगच्या भाषेत ही एक साधी इफ कंडिशन आहे: पुढच्या चाकाचा वेग मागच्यापेक्षा ठरावीक मर्यादेहून जास्त झाला, तर इंजिनची ताकद कमी कर, नाहीतर त्या चाकाला हलका ब्रेक लाव.

या कोडमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली असते. चारही टायरचा घेर सारखा आहे!

हिशोब करून बघू

१८५/६५ आर१५ म्हणजे टायरची रुंदी १८५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. यावरून टायरचा पूर्ण व्यास येतो ६२१.५ मिमी. २०५/६५ आर१५ चा येतो ६४७.५ मिमी.

ताशी ६० किमी वेगाने गाडी मिनिटाला एक किलोमीटर जाते. तेवढ्यात लहान टायरचे साधारण ५१२ फेरे होतात, मोठ्याचे ४९२. म्हणजे कोरड्या रस्त्यावर, काहीही घसरत नसताना, पुढची चाकं मागच्यापेक्षा ४ टक्के जास्त फिरतात. कॉम्प्युटरला वाटतं, पुढची चाकं घसरतायत. थोडासा फरक, म्हणजे झिजलेला टायर किंवा कमी हवा, बऱ्याच सिस्टीम सांभाळून घेतात. पण त्यालाही मर्यादा आहे. त्यात ॲक्सिलरेटर जोरात दाबला की खरं घसरणं आणि खोटं घसरणं यांची बेरीज होते, आणि दिवा लागतो.

उलटं केलं तर? पुढे मोठे, मागे लहान टायर असतील, तर पुढची चाकं आधीच कमी फिरतात. मग ती खरंच घसरायला लागली तरी सिस्टीमला उशिरा कळतं. हे जास्त वाईट, कारण दिवाही लागत नाही.

चारही मोठे टाकले तर?

मग चाकांची आपसातली तुलना बिघडत नाही. पण स्पीडोमीटर चुकतो. वरचे मोठे टायर चारही बाजूंना टाकले, तर मीटरवर ८० दिसताना गाडी आधीपेक्षा सुमारे ३ किमीने जास्त वेगात असते.

मोठी रिम हवीच असेल तर घेर जुळवा. १९५/५५ आर१६ चा व्यास ६२०.९ मिमी येतो, म्हणजे १८५/६५ आर१५ च्या जवळपास तेवढाच. रिम वाढली, टायरची भिंत कमी झाली, हिशोब बरोबर.

मग टीसी ऑफ बटण कशाला?

यात्रेत शेतात पार्किंग असतं. अवकाळी पाऊस पडला की आपली काळी माती टायरला चिकटून बसते. अशा वेळी चाक थोडं फिरलं तरच चिखल झटकला जातो, पण ट्रॅक्शन कंट्रोल तेवढंही फिरू देत नाही. तिथे बटण दाबा, गाडी हळू बाहेर काढा, आणि डांबरी रस्त्याला लागताच परत चालू करा.

निघण्याआधी पाच मिनिटं

१. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर कंपनीने दिलेला टायरचा साइज आणि हवेचं प्रेशर लिहिलेलं असतं. चारही टायरवरचे आकडे त्याच्याशी जुळवा.

२. स्टेपनी लहान साइजची असेल तर तिच्यावरची वेगमर्यादा पाळा आणि पंक्चर लवकर काढून घ्या.

३. मोकळ्या रस्त्यावर शेजारी बसलेल्याला फोनवरचा जीपीएस स्पीड बघायला सांगा. मीटर जीपीएसपेक्षा थोडं जास्त दाखवत असेल तर ठीक. कमी दाखवत असेल तर टायरचा साइज तपासा.

परतीच्या वाटेवर पाऊस लागला. मी भावाला आधी ते बटण परत दाबायला लावलं. दिवा उगाच लागत होता, हे खरं. पण खोट्या दिव्याला कंटाळून आपण सिस्टीमच बंद करतो, आणि ओल्या रस्त्यावर नेमकी तिचीच गरज पडते. पुढच्या आठवड्यात त्याने मागचे टायर बदलले. दिवा तेव्हापासून शांत आहे.