जुन्या तोफेला मोठा गोळा : ‘शारंग’च्या निमित्ताने थोडं विज्ञान



देवळाली, भगूर भागातल्या मुलांना तोफेचा आवाज काही नवीन नाही. देवळालीला लष्कराचं तोफखाना विद्यालय आहे आणि नाशिक रोडला तोफखाना केंद्र. ‘तोपची’ सरावाचे फोटो पेपरात आले की वर्गात प्रश्न सुरू होतात. त्यातला एक ठरलेला : “मॅडम, जुन्याच तोफेत जास्त दारू भरली तर गोळा जास्त लांब जाईल ना?”

या प्रश्नाला हसू नका. आपल्या लष्करापुढे खरोखर असाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर म्हणजे ‘शारंग’ तोफ. विष्णूच्या शार्ङ्ग धनुष्यावरून हे नाव आलं.

मूळ तोफ रशियन बनावटीची, एम-४६. नळीचा आतला व्यास १३० मिलिमीटर, पल्ला सुमारे २७ किलोमीटर, म्हणजे साधारण नाशिक ते त्र्यंबकेश्वर. १९७१ च्या युद्धात या तोफा आपल्याकडे होत्या. गाडा मजबूत होता, पण आता तोफखान्याला १५५ मिलिमीटरचा गोळा हवा होता. मग जुना गाडा ठेवून त्यावर १५५ मिलिमीटरची नळी बसवण्याचं ठरलं. आयुध निर्माणी मंडळाकडे अशा ३०० तोफांचं काम आलं. पहिली शारंग फेब्रुवारी २०२० मध्ये लखनौच्या संरक्षण प्रदर्शनात लष्कराला मिळाली. पल्ला आता ३६ किलोमीटरच्या पुढे आहे.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. नळीच्या मागच्या टोकाला दारू पेटण्याची जागा असते, तिला चेंबर म्हणतात. मी मुलांना ‘कोठी’ म्हणून सांगते. दारू पेटली की क्षणात गरम वायू तयार होतो आणि गोळ्याला पुढे ढकलतो. घरच्या कुकरमध्ये शिट्टी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम दुप्पट असतो. अशा तोफेच्या कोठीत तो हवेच्या दाबाच्या तीन हजार पटींच्या घरात जातो. जुन्या कोठीत नुसती दारू वाढवली तर दाब वाढेल, पण पोलाद तेवढंच राहील. कुकरची शिट्टी दाबून धरल्यासारखंच ते!

रायफलीचंही हेच. एका वेळी एकच गोळी भरायच्या रायफलीत लांब काडतूस मावावं म्हणून कोठी आणखी खोल कोरली, तर काडतूस आत बसेल हो. पण बसणं वेगळं आणि पेलणं वेगळं. नळीची भिंत, मागचं दार, दार धरून ठेवणारे खाचे, यातलं सगळ्यात कच्चं असेल ते आधी जातं, आणि नेमबाजाचा चेहरा त्या दारापासून वीतभर अंतरावर असतो. १९६२ नंतर इशापूरच्या कारखान्यात जुन्या ली-एनफिल्डच्या घाटावर ७.६२ मिलिमीटरची रायफल केली. ते काडतूस जुन्या .३०३ पेक्षा लांबीने कमी, पण दाबाने जास्त. म्हणून तिथे पोलादच अधिक मजबूत वापरलं. (मोठ्या मुलांना एवढंही सांगा, की परवान्याशिवाय बंदुकीत असा बदल करणं आपल्याकडे गुन्हा आहे.)

म्हणून शारंगमध्ये जुनी नळी कोरत बसले नाहीत, नळी आणि कोठी नवीच केली. मागच्या दाराचंही काम वाढलं. एम-४६ मध्ये दारू धातूच्या नळकांड्यात असायची. स्फोट झाला की ते नळकांडं फुगून कोठीला घट्ट चिकटायचं आणि वायू मागे येऊ द्यायचं नाही. १५५ मिलिमीटरच्या दारूला तसं नळकांडं नसतं. मग वायू अडवायचं काम दाराच्या सीलला करावं लागतं. मला विचाराल तर या सगळ्यातली सर्वात हुशारीची जागा हीच आहे, पण फोटोत ती दिसत नाही.

वर्गात हे गणितातून छान घेता येतं. फळ्यावर १३ सेंटिमीटर आणि १५.५ सेंटिमीटर व्यासाची दोन वर्तुळं काढा. मुलं म्हणतात, “थोडंच मोठं आहे की.” मग वरच्या वर्गातल्या मुलांकडून क्षेत्रफळ काढून घ्या. जवळजवळ ४२ टक्के जास्त येतं! म्हणजे दाब तोच असला तरी गोळ्यावरचा जोर ४२ टक्के वाढला. गोळ्याचं वजनही वाढलं, साधारण ३३ किलोवरून ४३ किलो. जड गोळा हवेत वेग टिकवून धरतो, म्हणूनही लांब जातो.

नळीच्या लांबीसाठी प्रयोग सोपा आहे. रिकाम्या पेनाच्या नळीतून कागदाची ओली गोळी फुंकायला लावा, आधी अख्ख्या नळीतून, मग अर्ध्या कापलेल्या नळीतून. (मुलं हे आपल्या पाठीमागे करतातच, एकदा समोर करू द्या.) नळी लांब असली की फुंकेला ढकलायला जास्त वेळ मिळतो. शारंगची नळी ४५ कॅलिबरची, म्हणजे व्यासाच्या ४५ पट. ४५ गुणिले १५५, हा गुणाकार मुलांनाच करू द्या. ६९७५ मिलिमीटर, जवळपास सात मीटर. टेपने वर्गात मोजून दाखवा.

आणि धक्का? गोळा पुढे जातो तेव्हा तोफ मागे ढकलली जाते. गोळा जड झाला की हा धक्काही वाढतो, आणि तो सोसायचा असतो जुन्याच गाड्याला. म्हणून नळीला मागे सरकू देऊन पुन्हा जागेवर आणणारी यंत्रणा या वाढीव धक्क्याला पुरेशी आहे ना, हे बघावं लागतं. नळीच्या तोंडाशी बाजूला झरोके असलेला जो जाड भाग दिसतो, तो वायूचा काही भाग बाजूला आणि मागे वळवून धक्का कमी करतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या नाशिकच्याच तोफखाना केंद्रात सरावाच्या वेळी गोळ्याचा स्फोट होऊन दोन तरुण अग्निवीर गेले. ती तोफ वेगळी, शारंग नव्हे, पण माझ्या वर्गातल्या मुलांना ती बातमी माहीत होती. तोफेजवळ माणसं किती जवळ उभी असतात, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. म्हणूनच नवी नळी सैनिकांच्या हाती देण्याआधी नेहमीपेक्षा जास्त दाबाचे बार तिच्यातून मुद्दाम काढले जातात. त्या वेळी माणसं आडोशामागे असतात आणि तोफ दुरून डागली जाते. मग नळी पुन्हा मोजतात, कुठे फुगली का, कुठे बारीक चीर गेली का, ते बघायला.