अँड्रॉइडवाले आणि आयफोनवाले

लग्नातले फोटो कुणी कुणाला कसे पाठवले, यावरून घरातली फाळणी लगेच दिसते. "एअरड्रॉप कर ना," म्हणत आयफोनवाले दोन-तीन भाचे-पुतणे फोन जवळ आणतात आणि शंभरेक फोटो बघता बघता इकडून तिकडे जातात. बाकीच्यांना तेच फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळतात, पार चेपलेले, मावशीच्या पैठणीचे काठ पुसट झालेले. मग चर्चेला तोंड फुटतं. एक म्हणतो, कॅमेरा असावा तर आयफोनचा. दुसरा म्हणतो, तेवढ्या पैशांत माझे तीन फोन येतील. काकांच्या मते फोन लागला आणि आवाज नीट आला की झालं.

वाद आवडीनिवडीचा वाटतो. पण ही आवड बहुतेकांच्या बाबतीत दुकानात पाऊल टाकण्याआधीच ठरून गेलेली असते. खिशात किती पैसे आहेत, घरात आणि ऑफिसात कुणाकडे काय आहे, काम कसलं आहे आणि फोनला आपली भाषा किती येते, यावर ती ठरते. भारतातल्या १०० स्मार्टफोनपैकी सुमारे ९५ अँड्रॉइडवर चालतात, तर अमेरिकेत निम्म्याहून जास्त लोकांच्या हातात आयफोन असतो. अमेरिकी माणसाची रुची आपल्यापेक्षा वेगळ्या मातीची असते असं काही यातून निघत नाही.

दोन्ही प्रणालींचा जन्म आगेमागेच झाला. अँड्रॉइड तर फोनसाठी जन्मलीच नव्हती. २००३ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोमध्ये अँडी रुबिन आणि त्यांच्या साथीदारांनी कंपनी काढली, ती डिजिटल कॅमेऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायला. कॅमेऱ्यांचा बाजार फार मोठा होणार नाही हे कळल्यावर मंडळी फोनकडे वळली आणि २००५मध्ये गूगलने ती कंपनी विकत घेतली. इकडे ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन दाखवला. आज आठवलं तर गंमत वाटते, पण त्या पहिल्या आयफोनवर ॲप स्टोअरच नव्हतं. ते जुलै २००८मध्ये उघडलं. मजकूर कॉपी-पेस्ट करायची सोय यायला तर २००९ उजाडलं. अँड्रॉइडचा पहिला फोन एचटीसीने बनवला आणि तो २००८च्या ऑक्टोबरात अमेरिकेत विकायला आला.

तेव्हापासून दोघांनी एकमेकांच्या वहीत बघून पेपर सोडवला आहे. वरून बोट ओढलं की नोटिफिकेशनचा पडदा खाली येतो, ही अँड्रॉइडची रीत आयफोनने २०११मध्ये उचलली. होमस्क्रीनवर ठेवता येणारी विजेट तिथे पोचायला २०२० उजाडलं. उलट, ॲपला कॅमेरा किंवा माइक लागला की त्याच क्षणी मालकाची परवानगी घ्यायची, ही आयफोनची शिस्त अँड्रॉइडने २०१५मध्ये अंगी बाणवली. उघडी ॲप वर भिरकावून बंद करायची सवय आज दोन्हीकडे आहे. मुळात ती पाम कंपनीच्या वेबओएसची, २००९ची. वेबओएस मात्र फोनमधून हद्दपार होऊन एलजीच्या टीव्हीत जाऊन बसली.

मागे पडलेल्यांची यादी मोठी आहे. नोकियाची सिम्बियन एके काळी आपल्याकडे घरोघरी होती. २०११मध्ये नोकियाने ती बाजूला सारून मायक्रोसॉफ्टचा हात धरला. विंडोज फोन दिसायला सुरेख होता आणि नोकियाच्या स्वस्तातल्या लुमिया फोनवरही सुरळीत चालायचा, पण त्याला ॲप मिळेनात. गूगलने त्याच्यासाठी यूट्यूबचं ॲप बनवलं नाही. २०१३मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतः बनवलं, तर गूगलने ते बंद पाडलं. नोकियाचा फोन-व्यवसाय विकत घेतल्यावर सव्वा वर्षातच, २०१५मध्ये, मायक्रोसॉफ्टला ७६० कोटी डॉलर बुडीत खात्यात टाकावे लागले. ब्लॅकबेरीच्या जुन्या फोनची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी थांबली. यातली एकही प्रणाली टाकाऊ नव्हती. पण लोक ॲप असतील तिकडे जातात आणि ॲप बनवणारे लोक असतील तिकडे. या चक्रात तिसऱ्याला जागाच उरली नाही.

आपल्याकडे 'काय घेऊ' असं कुणी विचारलं की परीक्षणात कधी न दिसणारे मुद्दे पुढे येतात. पहिला, दोन सिमचा. एक नंबर घरचा, एक धंद्याचा. किंवा एक कंपनी गावाकडे लागते आणि दुसरी शहरात. स्वस्तातल्या अँड्रॉइडला ही सोय कधीपासूनची, पण आयफोनमध्ये दुसरा नंबर आला तो २०१८मध्ये आणि तोही बहुतेक देशांत ई-सिमच्या रूपाने.

दुसरा मुद्दा कॉल रेकॉर्डिंगचा. जागेचे एजंट, बांधकामाचे ठेकेदार, पत्रकार, कर्जवसुलीच्या फोनने हैराण झालेली माणसं, या सगळ्यांना समोरचा काय बोलला हे जपून ठेवायचं असतं. कित्येक वर्षं 'आयफोन नको, रेकॉर्डिंग होत नाही' हे एकच वाक्य सौदा मोडायला पुरेसं होतं. नंतर अँड्रॉइडवरही गूगलने दोर आवळला. २०२२च्या मे महिन्यात प्ले स्टोअरवरच्या रेकॉर्डिंग ॲपची वाट बंद झाली आणि गूगलच्या स्वतःच्या डायलरमध्ये तर समोरच्याला सूचना ऐकू जायचीच. मग २०२४च्या ऑक्टोबरात ॲपलने ही सोय दिली, तीही अशी की दोघांनाही 'रेकॉर्डिंग चालू आहे' हे ऐकू जातं. खासगीपणाच्या दृष्टीने हेच योग्य, यात शंका नाही. ज्याला गुपचूप रेकॉर्ड करायचं होतं त्याचा मात्र आयफोनवर हिरमोड झाला आणि बऱ्याच अँड्रॉइडवरही.

तिसरा मुद्दा ट्रूकॉलर. अनोळखी नंबर आला की नाव दिसलंच पाहिजे, ही आपल्याकडची गरजच झाली आहे; स्वीडनच्या या कंपनीची सर्वांत मोठी बाजारपेठ भारत आहे ती उगीच नाही. अँड्रॉइडवर फोन वाजतानाच नाव झळकायचं. आयफोन बाहेरच्या ॲपला चालू कॉलमध्ये डोकावू देत नसे, त्यामुळे तिथे ट्रूकॉलर अर्धवटच चालायचं. जानेवारी २०२५पासून तिथेही ते नीट चालू लागलं. अशा बारीकसारीक अडचणी एकेक करून मिटत आल्या आहेत. 'आयफोनवर हे होत नाही, अँड्रॉइडवर ते होत नाही' ही जुनी पाठ केलेली यादी आज कुणी म्हणून दाखवली, तर तिच्यातल्या निम्म्या गोष्टी शिळ्या निघतील.

भाषेच्या बाबतीतला फरक मात्र खूप काळ राहिला, आणि मराठी वाचकाने तो लक्षात ठेवावा असा आहे. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर देवनागरी म्हणजे नुसते रिकामे चौकोन. काही फोनवर अक्षरं दिसत, पण जोडाक्षरं फुटलेली आणि पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडलेली. त्या काळी मराठी ब्लॉग आणि बातम्या फोनवर वाचणाऱ्यांची एक युक्ती होती. ऑपेरा मिनी उघडायचं, पत्त्याच्या पट्टीत 'ऑपेरा:कॉन्फिग' टाइप करायचं आणि खालच्या यादीतला अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरायचा पर्याय 'येस' करायचा. मग मजकूर कंपनीच्या सर्व्हरवरून चित्र होऊन येई. पानं जड होत, अक्षरं बारीक दिसत, पण मराठी मराठीसारखी वाचता येई.

२०१४मध्ये आलेल्या अँड्रॉइड लॉलीपॉपमध्ये मराठी ही फोनची भाषा म्हणून निवडता येऊ लागली. सेटिंग, मेनू, सूचना, सगळं मराठीत. त्याच वर्षी आयफोनला मराठी कीबोर्ड मिळाला, पण फोनचा मेनू मराठीत यायला थेट २०२५चा मार्च संपत आला. तेव्हाच्या अपडेटमध्ये मराठीसह दहा भारतीय भाषा एकदम आल्या. म्हणजे मधे दहा वर्षांहून जास्त अंतर. ज्या आजोबांना इंग्रजी मेनू वाचता येत नव्हता, त्यांच्यासाठी या काळात आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. गिऱ्हाईक दिसल्याशिवाय कंपनीला भाषा आठवत नाही, एवढाच याचा अर्थ. (मेनूतलं मराठी वाचून मराठी माणूस पुन्हा इंग्रजीकडे वळतो, हेही आहेच. त्याला दोन्ही कंपन्यांचे अनुवादक जबाबदार.)

भाषेच्या याच फटीत मुंबईत एक प्रयोग झाला होता. आयआयटी मुंबईतून शिकून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी अँड्रॉइडच्या पायावर इंडस ओएस उभी केली. २०१५पासून ती मायक्रोमॅक्सच्या स्वस्त फोनवर येऊ लागली. इंग्रजीत आलेल्या मेसेजवरून बोट फिरवलं की तो आपल्या भाषेत दिसे, आणि ॲप घ्यायला ईमेल खात्याची सक्ती नसे. चिनी फोनच्या लाटेत मायक्रोमॅक्स मागे पडली आणि तिच्याबरोबर ही प्रणालीही. पुढे फोनपेने कंपनी विकत घेतली आणि २०२४मध्ये इंडस ॲपस्टोअर या नावाचं ॲपचं दुकान काढलं. २०१७च्या जिओफोनची कायओएस तशीच गोरगरिबांपर्यंत पोचली, पण बटणांच्या फोनपुरतीच राहिली.

एकदा फोन घेतला की माणूस त्याच गोटात का राहतो, याचं उत्तर अमेरिकेत कोर्टाच्या कागदांत सापडतं. तिथे आयफोनवाले आपसात ॲपलच्या आयमेसेजवर बोलतात, तो मेसेज निळ्या रंगात दिसतो. अँड्रॉइडवाल्याला पाठवलेला मेसेज हिरवा. शाळकरी मुलं हिरव्या रंगावरून एकमेकांना चिडवतात. एपिक गेम्सने ॲपलवर भरलेल्या खटल्यात २०२१मध्ये कंपनीच्या अंतर्गत ईमेल उघड झाल्या. आयमेसेज अँड्रॉइडवर दिलं, तर आयफोन वापरणारे आईबाप मुलांना स्वस्तातला अँड्रॉइड घेऊन देतील, अशा अर्थाची चिंता त्यांत एका बड्या अधिकाऱ्याने मांडली होती.

भारतात निळ्या-हिरव्याचं सोयरसुतक कुणाला नाही, कारण सगळे व्हॉट्सॲपवर. पण तिथेही खुंटा होताच. अँड्रॉइडवरच्या गप्पांचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर, आयफोनवरचा आयक्लाउडवर, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही. फोन बदलला की दहा वर्षांच्या गप्पा, गेलेल्या माणसांचे आवाज, सगळं मागे राहायचं. २०२२मध्ये अँड्रॉइडवरून आयफोनवर गप्पा नेण्याची अधिकृत सोय आली, तीही सुरुवातीला अशी की नवा आयफोन कोरा करकरीत हवा. आधी सेटअप करून बसलात तर तो पुसून पुन्हा पहिल्यापासून. सरकारं मागे लागल्यावर आणि गिऱ्हाइकांनी ओरड केल्यावर या भिंतींना आता दारं पडत आहेत. २०२४मध्ये ॲपलने मेसेजसाठी आरसीएस ही अँड्रॉइडवर आधीपासून चालणारी पद्धत स्वीकारली, आणि २०२५च्या नोव्हेंबरात गूगलने पिक्सेल १० फोनवरून एअरड्रॉपवर थेट फाइल पाठवायची सोय केली.

'ॲपल वस्तू विकते, गूगल आपल्याला विकते' असं आयफोनवाले ठसक्यात सांगतात. ते सगळंच खोटं नाही. एप्रिल २०२१मध्ये आयफोनने माग काढू पाहणाऱ्या प्रत्येक ॲपला 'तुमचा माग काढू का?' असं विचारायला लावलं, आणि त्यामुळे २०२२मध्ये सुमारे १,००० कोटी डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज फेसबुकची मालक मेटा कंपनीने स्वतःच दिला. पण याच ॲपलला आयफोनच्या ब्राउझरमध्ये आपलं सर्च पहिलं ठेवण्यासाठी गूगलने एकट्या २०२२मध्ये २,००० कोटी डॉलर दिले, हेही अमेरिकी कोर्टातच बाहेर आलं. वरून भांडण दिसतं, हिशेबाच्या वहीत दोघं शेजारी बसलेले असतात. आपल्या स्पर्धा आयोगानेही ऑक्टोबर २०२२मध्ये अँड्रॉइडवरच्या दादागिरीबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. त्यानंतर भारतात फोन बनवणाऱ्यांना गूगलची हवी तेवढीच ॲप घेता येतात.

मग घ्यायचं काय? नवा महागडा आयफोन आणि नवा महागडा अँड्रॉइड यांच्यात आज फार डावं-उजवं करता येत नाही. सॅमसंग आणि गूगल आपल्या वरच्या फोनना सात वर्षं अपडेट द्यायचं वचन देतात. पूर्वी हे आयफोनचंच वैशिष्ट्य होतं. २०१३च्या आयफोन ५एसला सुरक्षेचा शेवटचा पॅच जानेवारी २०२३मध्ये मिळाला होता. खरी ओढाताण वीस-पंचवीस हजारांच्या आसपास होते. तेवढ्यात चांगला नवा अँड्रॉइड येतो किंवा तीन-चार वर्षं वापरलेला आयफोन, आणि कॉलेजातली बरीच मुलं दुसऱ्याकडे झुकतात, कारण तो पुढे विकतानाही बरी किंमत देतो.

जुन्या फोनच्या कोणत्याही काउंटरवर आयफोनचा भाव एका आकड्याभोवती फिरतो. गिऱ्हाईक स्क्रीनवरचा ओरखडा नंतर बघतं. आधी सेटिंगमध्ये जाऊन बॅटरी हेल्थ. ९० टक्क्यांच्या वर असेल तर दुकानदार छाती पुढे काढतो, ८०च्या खाली गेला की घासाघीस सुरू होते. हा आकडा कंपनीने आपणहून दिलेला नव्हे. बॅटरी जुनी झाली की ॲपल गुपचूप फोनचा वेग कमी करते, हे २०१७च्या डिसेंबरात उघड झालं, गदारोळ झाला आणि मार्च २०१८च्या अपडेटमध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं ते पान आलं. खटले मिटवताना २०२०मध्ये कंपनीने ५० कोटी डॉलरपर्यंत भरपाई मान्य केली. अँड्रॉइडच्या बहुतेक जुन्या फोनमध्ये असं पानच नसतं, त्यामुळे तिथे दुकानदाराच्या शब्दावर भिस्त ठेवावी लागते, आणि भावही त्याच मानाने पडतो.