क्षमा केली म्हणजे नेमकं काय केलं?

२२ आणि २३ जानेवारी १९९९ च्या मधल्या रात्री ओडिशातल्या केओंझर जिल्ह्यात, मनोहरपूर गावी, ग्रॅहम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी आपल्या दोन मुलांसह गाडीत झोपले होते. जमावाने ती गाडी पेटवून दिली. फिलिप दहा वर्षांचा होता, टिमथी सहा वर्षांचा. स्टेन्स १९६५ पासून ओडिशात होते आणि बारीपद्याला कुष्ठरोग्यांची सेवा करत होते. नवरा आणि दोन्ही मुलं गमावलेल्या ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं.

हा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. माफच केलं, तर मग खटला कशासाठी चालवला? आणि इतकं भयंकर कृत्य कुणी माफ करू तरी कसं शकतं? पहिला प्रश्न गैरसमजातून येतो. दुसरा तसा नाही, म्हणून त्याच्याकडे शेवटी येऊ.

गैरसमज : क्षमा म्हणजे शिक्षेतून सुटका

खुनाचा गुन्हा आपल्या कायद्यात आपसात मिटवता येत नाही. खटला सरकार चालवतं. मृताच्या पत्नीने क्षमा केली म्हणून तो थांबत नाही. तपास सीबीआयने केला. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने मुख्य आरोपी दारासिंगला फाशी सुनावली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली आणि जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. ग्लॅडिस यांच्या क्षमेने यातलं काहीच अडलं नाही. त्यांनी आपल्या हातातली एकच गोष्ट सोडून दिली होती, सुडाचा हक्क. मारेकऱ्यांना पश्चात्ताप व्हावा, ते सुधारावेत, एवढी इच्छा त्यांनी व्यक्त केली. पुढची काही वर्षं त्या बारीपद्यालाच राहून कुष्ठरोग्यांचं काम पाहत होत्या. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पोप दुसरे जॉन पॉल यांच्या बाबतीतही असंच घडलं. १३ मे १९८१ रोजी मेहमेत अली आग्जा याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी इस्पितळातून पोपनी त्याला क्षमा केल्याचं सांगितलं, आणि डिसेंबर १९८३ मध्ये ते तुरुंगात जाऊन त्याला भेटले. तरीही आग्जा २००० सालापर्यंत इटलीच्या तुरुंगात होता. तिथून सुटल्यावर त्याला तुर्कस्तानात पाठवलं गेलं आणि पत्रकार अब्दी इपेक्ची यांच्या खुनासाठी तो पुन्हा तुरुंगात गेला.

गैरसमज : पाप करा, चर्चमध्ये कबुली द्या, मोकळे व्हा

हा फार जुना आणि फार पसरलेला समज. त्याला इतिहासात आधारही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. सोळाव्या शतकात जर्मनीत पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं पैसे घेऊन विकली जात होती. त्याच बाजाराविरुद्ध मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये आपले ९५ मुद्दे मांडले. पुढे कॅथलिक चर्चनेही ही विक्री बंद केली. म्हणजे या व्यवहाराचा हा मोठा टीकाकार चर्चच्या आतलाच होता.

शिकवण मात्र पहिल्यापासून वेगळी आहे. गोव्यात ज्याला कुमसार म्हणतात, त्या पापनिवेदनात पाप नुसतं सांगून भागत नाही. मनापासून पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा आणि झालेलं नुकसान भरून द्यायला हवं. चोरी केली असेल तर चोरलेलं परत करायचं. पुढच्या आठवड्यात तेच करायचं ठरवून कबुली देणाऱ्याची कबुली चर्चच्या दृष्टीनेही पोकळ ठरते. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय याची गोष्ट मराठी ख्रिस्ती घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. येशू घरी आल्यावर त्याने आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचं आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत करण्याचं कबूल केलं. मत्तयच्या शुभवर्तमानात तर अर्पण वेदीपाशी तसंच ठेवून आधी दुखावलेल्या भावाशी समेट करायला सांगितलं आहे. देवाशी हिशेब मिटवून माणसाला टाळण्याची वाट तिथे नाही.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बोनहोफर यांनी १९३७ मध्ये पश्चात्तापाशिवाय वाटल्या जाणाऱ्या स्वस्त कृपेवर कठोर शब्दांत टीका केली. नाझींना विरोध केल्यामुळे एप्रिल १९४५ मध्ये त्यांना फाशी दिली गेली.

गैरसमज : सोसणाऱ्याने गप्प राहून माफ करत राहावं

इथे दोष निव्वळ ऐकणाऱ्यांचा नाही. मार खाणाऱ्या बायकोला 'माफ कर आणि घरी जा' असं सांगणारे धर्मगुरू झाले आहेत. २००२ मध्ये बॉस्टनमधली प्रकरणं उघडकीला आली, तेव्हा मुलांचं लैंगिक शोषण करणाऱ्या पाद्र्यांना चर्चच्या वरिष्ठांनी शिक्षेऐवजी दुसऱ्या गावी कसं पाठवलं होतं, ते जगाला कळलं. श्रद्धा नसलेल्यांनी यावर जे ताशेरे ओढले ते योग्यच होते, आणि चर्चला ते ऐकावेच लागतील. पण लूकच्या सतराव्या अध्यायात येशू आधी चूक करणाऱ्याला खडसवायला सांगतो, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा करायला. क्षमा करणं, मारणाऱ्याच्या घरी परत जाणं आणि पोलिसांत तक्रार न करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीच्या नावाखाली उरलेल्या दोन लादणं हा अन्याय आहे.

गैरसमज : नास्तिकांना क्षमेचं मोल नसतं

हा श्रद्धावंतांचा गैरसमज. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या विचारवंत हॅना आरेंट यांनी १९५८ मध्ये लिहिलं की मानवी व्यवहारातलं क्षमेचं स्थान नाझरेथच्या येशूने शोधलं, आणि तो शोध धार्मिक भाषेत मांडला गेला म्हणून इतरांनी तो कमी लेखू नये. उलट टोकाला ज्याँ आमेरी. अज्ञेयवादी, नाझींचा छळ सोसून आउश्वित्झमधून जिवंत परतलेला लेखक. १९६६ च्या पुस्तकात त्याने आपला राग सोडायला नकार दिला, कारण काळ लोटला म्हणून गुन्हा विरून जाऊ देणं त्याला अनैतिक वाटत होतं. त्यालाही क्षमेचं वजन कळत होतं, म्हणूनच ती सहज देऊन टाकायची नव्हती.

आता तो दुसरा प्रश्न, इतकं भयंकर कृत्य कुणी माफ कसं करू शकतं. त्याचा गाभा असा : ज्याचा जीव गेला त्याच्या वतीने क्षमा कोण करणार? देवाने केली तर मृताला विचारलं कुणी? ख्रिस्ती माणूस म्हणतो, प्रत्येक अपराध देवाविरुद्धही असतो, म्हणून देवाची क्षमा ही देवाची; माणसाची बाकी वेगळी उरतेच. देव न मानणाऱ्याला हे उत्तर पुरत नाही, आणि पुरावं अशी अपेक्षाही धरता येत नाही. हा गैरसमज नसून खरा मतभेद आहे. तो उदाहरणांनी मिटणार नाही. त्यावर वाद जरूर घाला, पण ग्लॅडिस स्टेन्स यांनी जे केलंच नाही, गुन्हेगारांना सोडून देणं, ते त्यांच्या माथी मारू नका.