विश्लेषण : बहिणाबाईंची गाणी कोणीही छापू शकतो का? ‘पब्लिक डोमेन’ म्हणजे नेमके काय?

बहिणाबाई चौधरींच्या कवितेला चाल लावून यूट्यूबवर टाकायची किंवा साने गुरुजींची ‘श्यामची आई’ छापून गावात वाटायची, तर परवानगी कोणाची घ्यायची? खान्देशाशी नाते असलेल्या या दोन पुस्तकांची उत्तरे वेगवेगळी आहेत.

पब्लिक डोमेन म्हणजे काय?

कॉपीराइटची मुदत संपली की साहित्य सर्वांचे होते. ते कोणीही छापू, विकू, गाऊ किंवा भाषांतरित करू शकतो. परवानगी लागत नाही, मानधन द्यावे लागत नाही. ‘माहिती पब्लिक डोमेनमध्ये आहे’ असे बातम्यांत म्हणतात, तेव्हा ती सर्वांना उपलब्ध आहे एवढाच अर्थ असतो. त्यामुळे एखाद्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली, म्हणजे ते कॉपीराइटमुक्त झाले असे नाही.

मुदत कशी मोजतात?

भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. मोजणी मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून होते. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. त्यामुळे १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे.

बहिणाबाईंचे गणित वेगळे का?

जळगावच्या बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या आणि ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये आली. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या साहित्याची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. म्हणून पहिल्या आवृत्तीतील कविता २०१३ पासून मुक्त झाल्या. एखादी कविता नंतरच्या आवृत्तीत प्रथम छापली असेल, तर तिची मुदत त्या वर्षापासून धरली जाते. याच पुस्तकाला आचार्य अत्रे यांची प्रस्तावना आहे. अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यामुळे प्रस्तावनेवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे.

धुळे तुरुंगातील ‘गीता प्रवचने’चे काय?

१९३२ मध्ये विनोबा भावे यांनी तेथे दिलेली प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली. मात्र प्रवचने विनोबांची आहेत आणि त्यांचे निधन १९८२ चे. त्यामुळे येथे मुदत २०४२ अखेरपर्यंत जाते.

गाणे वापरताना कोणती काळजी घ्याल?

कवितेचे शब्द मुक्त असले तरी संगीतकाराची चाल आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगळे असतात. रेकॉर्डिंगची मुदत प्रकाशनानंतर ६० वर्षे असते. कोणाचा तयार ऑडिओ उचलला, तर व्हिडिओवर दावा येऊ शकतो. त्यापेक्षा स्वतः चाल लावून गाणे सुरक्षित. छापण्यापूर्वी लेखकाचे मृत्युवर्ष, पहिल्या प्रकाशनाचे वर्ष आणि प्रस्तावना, टीपा, चित्रे कोणाची आहेत, हे तपासा. परवानगी लागत नसली, तरी कवितेखाली बहिणाबाईंचे नाव मात्र द्यायलाच हवे.