एका फुंकेची सरकारदरबारी नोंद

शनिवारची रात्र. पुण्यात कोरेगाव पार्क किंवा बाणेरच्या रस्त्यावर नाकाबंदी लागलेली असते. मोटारीची काच खाली होते, पोलीस हवालदार हातातले छोटे यंत्र पुढे करतो आणि म्हणतो, ‘फुंका.’ काही सेकंदांत पडद्यावर आकडा उमटतो. आकडा मर्यादेच्या आत असेल तर गाडी पुढे जाते. नसेल, तर त्या फुंकेची नोंद होते आणि प्रकरण न्यायालयाच्या वाटेला लागते.

ही नोंद पुढे कुठे जाते? ती तुम्हा-आम्हाला पाहता येते का? शाळेच्या व्हॅनसाठी चालक ठरवणाऱ्या पालकांना हा प्रश्न पडतो. आपल्या चौकात वारंवार अपघात का होतात, याचा शोध घेणाऱ्या नागरिकांनाही पडतो. उत्तर ‘होय, बऱ्याच प्रमाणात’ असे आहे. मात्र ही नोंद मुळात माणसाच्या शरीरात तयार होते आणि तासातासाने पुसली जाते. ते समजून न घेता कागद वाचले तर चुकीचा निष्कर्ष निघण्याची शक्यता फार.

फुंकेतून रक्ताचा अंदाज

दारूतील अल्कोहोलला पचनाची गरज नसते. थोडे जठरातून आणि बरेचसे लहान आतड्यातून ते थेट रक्तात जाते. हे रक्त फुप्फुसांत पोहोचले की अल्कोहोलचा काही अंश वाफ होऊन श्वासात उतरतो. साधारणपणे १ मिलिलिटर रक्तात जेवढे अल्कोहोल असते, तेवढेच सुमारे २१०० मिलिलिटर खोल श्वासात असते, असे धरून ब्रेथ ॲनालायझर हिशेब करतो. चांगल्या यंत्रात प्लॅटिनमचा लेप असलेला विद्युतघट असतो. त्यावर अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण होते, सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहावरून आकडा ठरतो. फुप्फुसांच्या तळातील हवा यंत्रात यावी म्हणून दीर्घ फुंकायला सांगतात. नुकतीच अल्कोहोलयुक्त द्रवाने चूळ भरली असेल तर तोंडातील अंशामुळे आकडा फुगतो. म्हणून पंधरा मिनिटे थांबून पुन्हा चाचणी घेणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर तो गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा जागेवर तडजोड रक्कम भरून मिटवता येत नाही. सिग्नल तोडल्याचा दंड मोबाइलवरून भरता येतो, हे प्रकरण मात्र न्यायालयातच जाते. त्यामुळेच त्याची सार्वजनिक नोंद मागे राहते.

तासातासाने पुसणारा पुरावा

रक्तातले अल्कोहोल यकृत जवळपास ठरावीक गतीने मोडते. माणसागणिक फरक पडतो, पण सरासरी धरली तर १०० मिलिलिटर रक्तामागे तासाला सुमारे १५ मिलिग्रॅम. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही.

आता साधे गणित करू. मध्यरात्री १२ वाजता अपघात करणाऱ्या चालकाच्या रक्तात ९० मिलिग्रॅम अल्कोहोल होते, असे समजा. पहाटे ४ वाजता ते ३० वर येईल, म्हणजे नेमके कायद्याच्या रेषेवर. सकाळी ६ वाजता ते शून्याजवळ असेल. रक्त सकाळी घेतले तर अहवाल म्हणेल, अल्कोहोल आढळले नाही. तो अहवाल खोटा नसेल, पण मध्यरात्रीचे सत्य त्यातून निसटलेले असेल. कलम १८५ खाली अटक झालेल्या व्यक्तीची दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर तिला कोठडीतून सोडावे, असे कलम २०२ सांगते. अल्कोहोल शरीरात फार काळ टिकत नाही, हे लक्षात घेतले की या घाईचे महत्त्व कळते.

वेळेइतकीच महत्त्वाची असते ती रक्ताची कुपी. सुई टोचण्यापूर्वी त्वचा स्पिरिटने पुसायची नसते. कुपीत सोडियम फ्लोराइड लागते. ते नसेल आणि नमुना उबेत राहिला, तर जंतू रक्तातील साखर आंबवून नवेच अल्कोहोल तयार करू शकतात. कुपीला मोहोर, तिच्यावर वेळ आणि सही, आणि ती कोणाच्या हातून कोणाकडे गेली याची लेखी साखळी, हे सगळे जुळले तरच न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेच्या आकड्याला अर्थ.

१९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. मोटार अल्पवयीन मुलगा चालवत होता. पोलिसांनी दिलेल्या माहितीनुसार त्याचा रक्तनमुना ससून रुग्णालयात सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे अपघातानंतर आठेक तासांनी घेतला गेला. तो नमुनाही बदलण्यात आल्याचा पोलिसांचा आरोप आहे. दुसऱ्या सरकारी रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए जुळला नाही, तेव्हा हे उघड झाले, असे पोलिसांनी सांगितले. या प्रकरणात रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक झाली. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील.

याउलट उदाहरण मुंबईचे. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा मोटारीखाली मृत्यू झाला. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम अल्कोहोल आढळले. हा आकडा वरिष्ठ न्यायालयांपर्यंत टिकला आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा कायम केली. तो निकाल आजही कोणालाही वाचता येतो.

नोंद कुठे शोधावी?

पहिली जागा म्हणजे ‘ई-कोर्ट्स’ हे संकेतस्थळ आणि त्याचे मोबाइल ॲप. महाराष्ट्र, मग पुणे जिल्हा, मग न्यायालय संकुल निवडले की पक्षकाराचे नाव व वर्ष, पोलीस ठाणे व गुन्हा क्रमांक, किंवा कायद्याचे नाव व कलम, अशा वेगवेगळ्या वाटांनी खटले शोधता येतात. खटल्याचा १६ अक्षर-अंकी सीएनआर क्रमांक माहीत असेल तर शोध सगळ्यात सोपा. पुढची तारीख, खटल्याचा टप्पा आणि निकाली निघाला असल्यास कसा निघाला, हे तिथे दिसते.

दुसरी जागा प्रथम खबरी अहवालाची, म्हणजे एफआयआरची. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकणे अपेक्षित आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ते पोलीस ठाण्यानुसार पाहता येतात. मात्र हद्दीकडे लक्ष द्यावे. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण अशी तीन वेगळी पोलीस दले आहेत. वाकड-हिंजवडीचा अपघात पुणे शहराच्या यादीत शोधून सापडणार नाही.

शोधताना कलमांचीही जुनी-नवी जोडी लक्षात ठेवावी. निष्काळजीपणाने मृत्यूला कारणीभूत ठरल्याचा गुन्हा ३० जून २०२४ पर्यंत भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली नोंदला जाई. १ जुलैपासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली येतो.

नाव सापडले म्हणजे माणूस सापडला असे मात्र नाही. एकाच नावाची अनेक माणसे एकाच शहरात असतात. खटला ‘निकाली’ दिसला म्हणजे शिक्षा झाली असेही नाही. निर्दोष सुटकाही निकालीच असते. अल्पवयीनांची ओळख उघड करण्याला कायद्याने बंदी आहे. म्हणून पडद्यावरचे नाव सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे अन्यायाचे ठरू शकते. चालक नेमायचा असेल तर सरळ मार्ग आहे. त्याला पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र स्वतः काढून आणायला सांगावे आणि परवाना क्रमांक व जन्मतारीख घेऊन परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर परवाना चालू आहे की नाही, हे त्याच्यासमोरच तपासावे.

आकड्यांमागचा आकडा

शहराचे चित्र पाहायचे तर एकेका खटल्यापेक्षा एकूण आकडे उपयोगी. पण तिथेही सावध राहावे लागते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातले सुमारे ७१ टक्के अतिवेगामुळे आणि जेमतेम अडीच टक्के मद्य वा अमली पदार्थांच्या अमलाखालील चालकांमुळे. मग दारूचा प्रश्न किरकोळ म्हणायचा का? तसे नाही. चालक दारू पिऊन अतिवेगाने गेला तर नोंद बहुधा अतिवेगाच्या रकान्यात पडते. चालक पळाला, दगावला किंवा त्याचे रक्त उशिरा घेतले, तर दारूचा रकाना रिकामाच राहतो. रक्त तपासलेच नसेल तर अहवालात दारू दिसणार कुठून?

दुसरा सापळा तुलनेचा. ‘थर्टी फर्स्टला इतक्या तळीरामांवर कारवाई’ अशी बातमी दरवर्षी येते. गेल्या वर्षीपेक्षा आकडा वाढला म्हणजे दारू पिऊन चालवणारे वाढले, की नाकाबंद्या वाढल्या? एकूण किती जणांना फुंकायला लावले, हे कळल्याशिवाय त्या आकड्यातून काहीच सिद्ध होत नाही. शंभरात पाच सापडणे आणि हजारात पाच सापडणे यांत दहापट फरक आहे.

हा मूळ आकडा माहितीच्या अधिकारात मागता येतो. महाराष्ट्रात अर्ज ऑनलाइन करता येतो, शुल्क १० रुपये, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांत. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. कोणाचेही नाव मागू नये. वैयक्तिक माहिती म्हणून अर्ज अडतो. पोलीस आयुक्तालयाला इतकेच विचारावे: ‘गेल्या कॅलेंडर वर्षात दरमहा (१) ब्रेथ ॲनालायझरने तपासलेल्या चालकांची संख्या, (२) त्यांपैकी मर्यादा ओलांडलेल्यांची संख्या, (३) प्राणांतिक अपघातांची संख्या, (४) त्यांपैकी चालकाचा रक्तनमुना घेतलेल्या अपघातांची संख्या आणि (५) अपघातानंतर दोन तासांत घेतलेल्या नमुन्यांची संख्या द्यावी.’

शेवटच्या दोन प्रश्नांना ‘अशी माहिती संकलित केली जात नाही’ असे उत्तर येऊ शकते. तरीही १० रुपये वाया गेले असे समजू नये. अपघातानंतर रक्त किती वाजता घेतले, याचा हिशेब आपले शहर ठेवत नाही, हे त्या एका ओळीतून कळते. आणि तोवर प्रत्येक तासाला १५ मिलिग्रॅम या गतीने पुरावा नाहीसा होत राहतो.